होडीत समोर कोण बसलंय?

डोक्यावर काळी, उंच, नळकांड्यासारखी टोपी घातलेला एक माणूस होडी वल्हवतोय. अंगात बारीक रेघांचा सदरा, त्यावर गडद वेस्टकोट, गळ्याशी बो. कोट काढून शेजारी ठेवलाय. दोन्ही हातांत वल्ही. मागे झाडांनी भरलेला काठ, त्या झाडांचाच हिरवेपणा उतरलेलं पाणी आणि दूरवर आणखी काही नौकाविहारी. चित्रात आहे ते एवढंच. देव नाही, राजा नाही, युद्ध नाही, कुणाची करुण कहाणी नाही. सुट्टीच्या दिवशी नदीवर गेलेला एक माणूस.

गुस्ताव कायबॉत या फ्रेंच चित्रकारानं १८७७-७८ च्या सुमारास हे चित्र काढलं. साधारण ९० सेंटिमीटर उंच, ११७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढं. फ्रेंचमधल्या नावाचा अर्थ ‘होडीतली सहल’. त्याला आणखी एका नावानं ओळखतात, ‘उंच टोपीवाला वल्हेकरी’. जानेवारी २०२३ मध्ये ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाकडे आलं आणि त्यासाठी ४ कोटी ३० लाख युरो मोजले गेले. बातमी आली तेव्हा सगळे किमतीबद्दलच बोलत होते. किमतीकडे मी पुढे येणार आहे, कारण तिच्यामागचा फ्रेंच कायदा समजून घेण्यासारखा आहे. पण त्याआधी एक साधा प्रश्न. हे चित्र बघताना तुम्ही नक्की कुठे बसलेले असता?

नदीची बहुतेक चित्रं काठावरून काढलेली असतात. चित्रकार काठावर तिपाई मांडतो, समोर पाणी, पाण्यात होड्या, पलीकडे झाडं. बघणाऱ्याचे पाय जमिनीवर असतात. या चित्रात काठ आपल्या पायाखाली नाहीच. होडीच्या दोन्ही कडा आपल्या दिशेनं येतात, येता येता रुंदावतात आणि चौकटीशी येऊन तुटतात. उरलेली होडी कुठे गेली? ती चौकटीच्या अलीकडे आहे, आपल्या बाजूला. आपण तिच्यात बसलो आहोत. त्या माणसाचे गुडघे हात लांबवला तर लागतील इतके जवळ.

यात वल्हवण्याची एक गंमतही दडलेली आहे. बसून दोन वल्ही मारणारा माणूस ज्या दिशेला जातो, तिकडे त्याची पाठ असते. वल्हं अंगाकडे ओढण्यात पाठीचं आणि पायांचं सगळं बळ लावता येतं, ढकलण्यात ते येत नाही. म्हणून वल्हेकरी उलटा बसतो आणि होडी त्याच्या पाठीकडे सरकते. पुण्यात मुळा-मुठेवर सीओईपीच्या बोट क्लबच्या होड्या पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वल्हेकऱ्याला मागे पडलेलं पाणी दिसतं, पुढचं दिसत नाही. पुढचं दिसतं ते त्याच्यासमोर, होडीच्या मागच्या टोकाला बसलेल्याला. ‘जरा डावीकडे घे, पुढे फांदी आलीय’ हे तोच सांगू शकतो. सुकाणू असलं तर तेही त्याच्याच हाताशी असतं.

कायबॉतनं आपल्याला दिलेली जागा ती आहे. आपण पाहुणे असू, मित्र असू, पण होडी कुठे जाते आहे हे बघण्याचं काम आपलं. उंच टोपीवाल्याला जे दिसत नाही ते, त्याच्या खांद्यामागची नदी, आपल्याला दिसते. मला या चित्रातली ही सर्वात मोठी गोष्ट वाटते, आणि बाकीची सगळी कारागिरी या एका जागेसाठी राबते आहे असं माझं मत आहे.

आता ती कारागिरी. सुरुवात मापापासून करू. वस्तू डोळ्यापासून जितकी लांब, तितकी लहान दिसते, आणि हे प्रमाण अगदी सरळ असतं. दुप्पट अंतरावर निम्मी. समजा गुडघे तुमच्यापासून १ मीटरवर आहेत आणि चेहरा दीड मीटरवर. मग चेहऱ्याच्या हिशेबानं गुडघे दीडपट मोठे दिसणार. मोबाइल अगदी जवळ धरून फोटो काढला की नाक मोठं येतं, त्याचं कारण हेच. चित्रकाराला हे टाळायचं असेल तर सोपा उपाय असतो, चार पावलं मागे सरकायचं. लांबून बघितलं की गुडघे आणि चेहरा यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो आणि माणूस ‘प्रमाणबद्ध’ दिसतो. चित्रशाळेत हेच शिकवलं जाई. होडीत मात्र मागे सरकायला जागाच नसते, आणि कायबॉतनं ती मनातल्या मनातही तयार केली नाही. जवळून जसं दिसतं तसंच ठेवलं. त्यामुळे तो माणूस आपल्या अंगावर आल्यासारखा वाटतो. चित्र पहिल्यांदा पाहताना आपण नकळत किंचित मागे रेलतो, ते यामुळे.

त्याला प्रमाण जमत नव्हतं म्हणून असं झालं, असं कुणाला वाटायला नको. तो लेओं बॉना या नावाजलेल्या चित्रकाराच्या स्टुडिओत शिकला होता आणि यथादर्शन, म्हणजे अंतराचा भास कागदावर उतरवण्याचं गणित, त्याच्या हातात मुरलेलं होतं. ‘पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस’ या १८७७ च्या प्रचंड चित्रासाठी त्यानं पट्टीनं रेघा आखून केलेली पूर्वतयारीची रेखाटनं आहेत. नियम पुरता माहीत असलेला माणूस जेव्हा अवघड जागा निवडतो, तेव्हा ती निवड असते.

हे सगळं त्यानं एकट्यानं शोधून काढलं असंही नाही. एदुआर मानेनं १८७४ मध्येच ‘नौकाविहार’ हे चित्र केलं होतं. पांढऱ्या कपड्यातला पुरुष सुकाणूशी, शेजारी एक स्त्री, होडी चौकटीनं कापलेली, आणि मागे क्षितिज नाहीच, नुसतं निळं पाणी. जपानी छापचित्रांत वस्तू अशा बेधडक कापलेल्या असतात आणि त्या काळात पॅरिसमधले चित्रकार ती चित्रं वेड्यासारखी जमवत होते. मानेचं ते चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघावीत. मानेचा पुरुष थेट आपल्याकडे बघतो आणि त्या नजरेनं आपण जरा परके ठरतो. कायबॉतचा माणूस आपल्याकडे बघत नाही. त्याची नजर बाजूला वळलेली आहे. ओळखीच्या माणसासमोर बसल्यावर आपण सारखं त्याच्या डोळ्यांत बघत नाही, तसं. त्यानं आपलं असणं गृहीत धरलंय.

आता पाणी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण कायबॉत आणि त्याच्या इम्प्रेशनिस्ट मित्रांच्या पाण्याबद्दल एक समज फार पक्का बसला आहे. समज असा की ते रंगाचे तुटक तुटक फटकारे म्हणजे एक शैली, एक लकब. पाणी खरं तर सलग असतं, यांनी ते मुद्दाम तुकड्यांत रंगवलं.

लहानपणी खाडीपलीकडे मामाकडे जाताना आम्ही होडीत बसायचो. होडीच्या कडेवरून सरळ खाली वाकून पाहिलं की पाण्याच्या आत दिसायचं, गढूळ हिरवं, कुठे शेवाळ, कुठे तळ. मान वर करून लांब पाहिलं की तेच पाणी आत काही दाखवायचं नाही, त्यात आभाळ असायचं. तेव्हा वाटे, लांबचं पाणी खोल आहे म्हणून असं. खरं कारण कोनाचं आहे. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर पृष्ठभाग जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवतो, बाकीचा आत शिरतो. म्हणून आतलं दिसतं. नजर जसजशी तिरपी होते तसा परावर्तित प्रकाश वाढत जातो, आणि नजर पाण्याला जवळजवळ समांतर झाली की पाणी आरशासारखं वागू लागतं.

हे झालं संथ, सपाट पाण्याचं. पाण्यावर बारीक लहरी असल्या की काय होतं? प्रत्येक लहर म्हणजे एक उतार. तिची आपल्याकडची बाजू एका कोनात, पलीकडची दुसऱ्या कोनात. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हजारो छोट्या आरशांचा बनतो आणि प्रत्येक आरसा वेगवेगळ्या दिशेला तोंड करून असतो. एकात आभाळाचा तुकडा, शेजारच्यात झाडाचा, तिसऱ्याचा उतार इतका आपल्याकडे वळलेला की त्यातून थेट पाण्याच्या आतलं हिरवं दिसतं. पांढरट, गर्द हिरवा, मातकट, एकमेकांना खेटून, आणि मधे कुठलीही हळुवार छटा नाही. पाणी खरोखरच तुटक दिसतं. सलग दिसतं ते आपल्या मनाला, कारण मन म्हणतं, हे पाणी आहे आणि पाणी एकसंध असतं.

या चित्रकारांनी मनाचं ऐकायचं नाकारलं आणि डोळ्याचं ऐकलं. म्हणून इम्प्रेशनिझमला मराठीत ‘दृक्प्रत्ययवाद’ हा शब्द घडवला गेला तो मला फार नेमका वाटतो. दृष्टीला आलेला प्रत्यय. वस्तू काय आहे याचं ज्ञान बाजूला, ती या क्षणी डोळ्याला कशी दिसते तेवढंच.

त्यांच्या पाण्यात आणखी एक बारकावा सापडतो. जवळचे फटकारे रुंद असतात, लांबचे आडवे आणि अरुंद होत जातात. कारण लांबची लहर आपल्याला बाजूनं दिसते, तिची रुंदी मिटते आणि ती नुसती आडवी रेघ होते. पण झाडाचं प्रतिबिंब मात्र उभं, खाली खाली ओघळल्यासारखं लांबत जातं, कारण आपल्याकडे झुकलेल्या आणि पलीकडे झुकलेल्या उतारांमुळे तेच झाड वरखाली अनेक ठिकाणी दिसतं. आडव्या रेघांची उभी उतरंड. पुढच्या वेळी तळ्याकाठी गेलात तर पलीकडच्या झाडाचं प्रतिबिंब असं बघा. एकदा दिसलं की मग ते न दिसणं अशक्य होतं.

कायबॉतची खासियत मात्र वेगळीच आहे. त्यानं पाणी आणि झाडं अशी मोकळ्या हातानं रंगवली, पण समोरचा माणूस तसा रंगवला नाही. वेस्टकोटच्या कडा, टोपीची गोलाई, वल्ह्यावरच्या मुठी हे सगळं ठाशीव, नीट बांधलेलं आहे. टोपीचा काळा तर बिनधास्त काळा. क्लोद मोनेसारखे त्याचे मित्र काळा रंग टाळू बघत होते, यानं तो चित्राच्या ऐन मध्यात ठेवला. काही जाणकार या दुहेरी पद्धतीमुळे त्याला अर्धा दृक्प्रत्ययवादी, अर्धा वास्तववादी म्हणतात. मला ती विभागणी पटत नाही. समोर एक हातावर बसलेल्या माणसाशी बोलताना आपली नजर त्याच्यावर स्थिरावते, तो स्पष्ट दिसतो आणि त्याच्यामागचं सगळं धूसर होतं. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड आज यंत्रानं तेच करतो. माणूस ठाशीव आणि नदी मोकळी, हेही त्या बसण्याच्या जागेवरून आपोआप आलेलं आहे.

रंगांबद्दल थोडक्यात. मिशेल-अजेन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या पडदे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यानं तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्याचा रंग काळ्याला बिघडवत होता. यातून त्यानं नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो ग्रंथरूपात आला. शेजारशेजारचे रंग एकमेकांना बदलतात, आणि परस्परविरोधी रंग, जसे निळा आणि नारिंगी, किंवा तांबडा आणि हिरवा, शेजारी आले की दोघेही भडकतात. याचा सर्वात ठळक नमुना बघायचा तर ओग्युस्त रन्वारचं ‘ला योल’ हे १८७५ चं चित्र बघा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. निळ्याशार पाण्यावर नारिंगी होडी, होडीत दोन स्त्रिया. ती नारिंगी अक्षरशः पेटलेली दिसते. कायबॉत एवढा मोठा आवाज करत नाही. त्याच्या चित्रात भोवतालच्या हिरव्यामुळे चेहऱ्याची आणि हातांची गुलाबी कांती ऊबदार होते, बस्स.

आता त्या टोपीकडे वळू.

पॅरिसहून सेंट-जर्मेंच्या दिशेनं पहिली प्रवासी रेल्वे १८३७ मध्ये सुरू झाली, आर्जांतयला गाडी १८५१ मध्ये पोचली. सेन नदीकाठची गावं शहरापासून अर्ध्या तासाच्या आत आली. मग रविवारी कारकून, दुकानातल्या मुली, विद्यार्थी, चित्रकार असे सगळे गाडीनं नदीवर जाऊ लागले. होड्या भाड्यानं मिळत, काठावर खाणावळी निघाल्या, शर्यती भरू लागल्या. या हौशी वल्हेकऱ्याला फ्रेंचमध्ये कानोतिए म्हणतात. त्याचा पेहराव ठरलेला होता, अंगाबरोबरचा बनियन आणि सपाट माथ्याची गवती टोपी. ही टोपी वल्हेकऱ्याच्या डोक्यावर इतकी घट्ट बसली की फ्रेंचमध्ये तिचंही नाव कानोतिएच पडलं.

म्हणजे वल्हेकऱ्याची टोपी या नावाची एक टोपी अस्तित्वात असताना आपला माणूस रेशमी उंच टोपी घालून वल्हवतोय. ती टोपी शहरातल्या सुखवस्तू पुरुषाची. ऑफिसात, नाटकाला, भेटीगाठींना घालायची. नदीवर तिचा काहीच उपयोग नाही, उलट वाऱ्यानं उडायची भीती. पण त्या काळी बाहेर बोडक्या डोक्यानं फिरणं सभ्य समजलं जात नसे. म्हणून त्यानं कोट काढला, टोपी राहू दिली. सकाळी शहरातून आलाय, संध्याकाळी परत जाणार. मधले दोन तास नदीवर. या अर्धवट बदललेल्या कपड्यांत त्या माणसाचा अख्खा दिवस मला दिसतो.

कायबॉतला नदीवरचा खरा पोशाख माहीत नव्हता असं मुळीच नाही. आपल्या चित्रातली नदी म्हणजे येर, आणि तिच्यावरच त्यानं १८७७ मध्ये आणखी एक चित्र केलं, त्यात दोन वल्हेकरी गवती टोप्या घालून एका लयीत पुढे वाकलेले आहेत. तिथेही आपण होडीत, त्यांच्या अगदी समोर. तो स्वतः तर पक्का नाविक. १८७६ मध्ये पॅरिसच्या नौकानयन मंडळाचा सभासद झाला, १८८० मध्ये उपाध्यक्ष. पुढे आर्जांतयच्या समोर, सेनच्या दुसऱ्या काठावर घर घेऊन राहिला, शिडाच्या शर्यतीच्या वीसहून अधिक होड्यांचे आराखडे स्वतः काढले, होड्या बांधणारा कारखाना चालवला. चित्रकार म्हणून तो लोकांच्या विस्मरणात गेला तेव्हाही होडीवाल्यांमध्ये त्याचं नाव होतं. त्याला त्याच्या खऱ्या वेशात बघायचं असेल तर रन्वारचं ‘नौकाविहारींचं भोजन’ बघा, १८८०-८१ चं, सध्या वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात. शातूच्या फुर्नेझ खाणावळीचा सज्जा, जेवणं उरकलेली, टेबलावर फळं आणि बाटल्या. उजव्या कोपऱ्यात पुढे खुर्चीवर उलटा बसलेला, बनियन आणि गवती टोपीतला तरुण म्हणजे गुस्ताव कायबॉत.

रन्वारची ती खाणावळ सेनवर होती, गर्दीच्या ठिकाणी. आपल्या चित्रातली नदी ती नव्हे. येर ही सेनला मिळणारी लहानशी नदी, पॅरिसच्या आग्नेयेला साधारण २० किलोमीटरवर. तिच्या काठी कायबॉत कुटुंबाची बागवाडी होती. वडिलांनी लष्कराला कापड आणि बिछाने पुरवून मोठी संपत्ती मिळवली होती, आणि ही जागा त्यांनी १८६० मध्ये घेतली तेव्हा गुस्ताव अकरा-बारा वर्षांचा होता. उन्हाळे इथे जात. बागेच्या कडेनं नदी, दोन्ही काठांवरची झाडं पाण्यावर वाकलेली. म्हणून चित्रात गर्दी नाही, धूर सोडणारी गाडी नाही, पूल नाही. इथे पोहलेल्या, गळ टाकलेल्या, होड्या हाकलेल्या मुलाला पाणी कुठून कसं दिसतं हे पाठ असणार.

या संपत्तीनंच त्याचं नुकसान केलं असंही म्हणता येईल. पोटासाठी चित्रं विकायची गरज त्याला कधी पडली नाही. चित्रं घरात राहिली, नातलगांकडे गेली, बाजारात आली नाहीत, आणि जी चित्रं बाजारात येत नाहीत त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. दुसरीकडे मित्रांची चित्रं मात्र तो विकत घेत राहिला, बहुधा ज्यांना पैशाची निकड होती त्यांचीच. मोने, रन्वार, पिसारो, सिस्ले, देगा, सेझान. त्यांच्या प्रदर्शनांचा खर्च उचलला, जागेची भाडी भरली. १८७६ मध्ये धाकटा भाऊ रने अवघ्या पंचविशीत गेला आणि गुस्तावच्या मनात बसलं की आपणही लवकर जाणार. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं मृत्युपत्र केलं. जमवलेली सगळी चित्रं फ्रेंच सरकारला, अट एवढीच की ती माळ्यावर किंवा आडगावच्या संग्रहालयात जाता कामा नयेत, आधी पॅरिसमधल्याच लक्झेंबुर्ग संग्रहालयात आणि मग लूव्रमध्ये लागली पाहिजेत. १८९४ मध्ये तो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. मृत्युपत्राची अंमलबजावणी रन्वारकडे होती. सरकारनं घासाघीस केली, नामवंत चित्रकारांनी विरोध केला, आणि साठाहून अधिक चित्रांपैकी चाळीसच्या आसपासच स्वीकारली गेली. त्या स्वीकारलेल्यांत रन्वारचं ‘मुलँ द ला गालेत’ होतं, मोनेचं सेंट-लाझार स्थानक होतं. आज ऑर्से संग्रहालयात लोक ज्यांच्यासमोर गर्दी करतात त्यातली कित्येक चित्रं या एका माणसानं दिलेली आहेत. त्या दानात त्यानं स्वतःचं एकही चित्र घातलं नव्हतं.

इथे किमतीचा मुद्दा येतो. होडीचं चित्र कायबॉतच्या वारसांकडेच होतं. फ्रान्समध्ये अशी मौल्यवान कलाकृती देशाबाहेर न्यायची तर सरकारी परवाना लागतो. सरकारला ती फार महत्त्वाची वाटली तर ते तिला ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवतं आणि परवाना नाकारतं. नकार ३० महिने टिकतो, आणि तेवढ्या काळात सरकारनं ती विकत घेण्यासाठी पैसा उभा करायचा. सरकारी संग्रहालयांकडे एवढे पैसे सहसा नसतात, म्हणून दुसरी सोय आहे. एखाद्या कंपनीनं राष्ट्रीय ठेवा घेण्यासाठी देणगी दिली तर देणगीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम तिच्या करातून वजा होते. २०२० मध्ये हे चित्र राष्ट्रीय ठेवा जाहीर झालं आणि एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तू बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीनं सगळी रक्कम दिली. हिशेब केला तर या व्यवस्थेत भाराचा मोठा भाग शेवटी करदात्यांवरच येतो, आणि फ्रान्समध्ये यावर टीकाही होते. तरीही चित्र कुणाच्या तिजोरीत न जाता भिंतीवर आलं, शाळेतल्या मुलांनाही बघता येईल असं, हे मला बरं वाटतं. चित्रं लोकांनी बघावीत म्हणून ज्यानं मृत्युपत्रात अटी घातल्या, त्याच्या बाबतीत तर जास्तच.

पॅरिसला जाणं जमलं नाही तरी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून बघता येतं. बघताना आधी खालची कड बघा, होडी जिथे कापली गेलीय ती. तिथे आपले पाय आहेत असं धरा. मग वल्ह्यांवरचे हात, मग चेहरा, आणि शेवटी खांद्यावरून मागची नदी. उलट क्रमानं, आधी नदी आणि मग माणूस असं बघितलं तर ते नुसतं निसर्गचित्र होतं.

दृक्प्रत्ययवाद्यांचं चौथं प्रदर्शन १८७९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या आव्हेन्यू द लोपेरा या रस्त्यावर उघडलं. तिथे कायबॉतनं ‘होडीतली सहल’ मांडली, सोबत येर नदीवरची आणखी काही चित्रं. वडील १८७४ मध्ये गेले होते, रने १८७६ मध्ये, आणि आदल्याच वर्षी, १८७८ च्या शरद ऋतूत, आईही गेली. चित्रं प्रदर्शनात लागली त्याच वर्षी भावांनी येरची बागवाडी विकून टाकली. आता ती गावच्या नगरपालिकेकडे आहे आणि सगळ्यांसाठी खुली आहे. नदी तिच्या कडेनं अजून जाते, झाडांच्या सावलीतून, तशीच हिरवी.